चपळ लेकरू आणि घरातील शिस्त

शास्त्रवाचन: १ राजे १:५-६, नीतिसूत्रे १३:२४, इफिसकरांस पत्र ६:१-४



प्रत्येक मंडळीत असे एखादे लेकरू असतेच. उपासना सुरू झाली की ते सतरंजीवरून सरकत दारापाशी जाते, घंटेच्या दोरीला लोंबकळते, पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत कोणाची तरी वेणी ओढते. सगळ्यांच्या नजरा त्याच्या आईकडे वळतात आणि ती बिचारी मान खाली घालते. असे लेकरू आमच्याही घरी होते. म्हणून आजचा पाठ मी शिकवणाऱ्याच्या नव्हे, तर शिकलेल्याच्या नात्याने लिहीत आहे.

माझा धाकटा सात वर्षांचा असताना एका रविवारी आमच्या चिटगुप्प्याच्या घरी कुटुंबप्रार्थना होती. पाहुणे बसलेले असताना त्याने उडी मारली आणि भरलेली घागर लोकांमध्ये लवंडली. मी उठलो, कोपऱ्यातली तुराटी घेतली आणि चारचौघांदेखत त्याला झोडपले. त्या संध्याकाळी जेवताना तांब्या घ्यायला मी सहज हात पुढे केला, तर त्याने दोन्ही हातांनी डोके झाकले. त्याची आई एवढेच म्हणाली, "अहो, तो तुम्हाला भ्यायला शिकला, घागर सांभाळायला नाही शिकला." त्या रात्री मला झोप लागली नाही.

१. चपळाई हे पाप नव्हे

जखऱ्या संदेष्टा (८:४-५) पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र काढतो, तेव्हा त्यात काठी टेकणारे म्हातारे आहेत आणि रस्ते भरून खेळणारी मुले-मुलीही आहेत. शहरावर देवाची कृपा झाली याची ती खूणच आहे. याकोबाची गोष्टही पाहा (उत्पत्ती ३३:१३-१४). त्याच्याजवळ लहान मुले व दूध पाजणारी जनावरे होती, म्हणून त्याने एसावाला पुढे जाऊ दिले आणि स्वतः मुलांच्या चालीने चालला.

डॉक्टरही सांगतात की मनाला लगाम घालणारा मेंदूचा भाग सर्वांत शेवटी, विशीनंतर पुरता पक्का होतो. सात वर्षांच्या मुलाला नियम ठाऊक असतो, पण पाय आधी धावतात. तेव्हा खोडी आणि अवज्ञा यांत भेद करावा. धावताना घागर लवंडली ही खोडी झाली. 'मी नाही सांडली' असे म्हणणे ही वेगळी गोष्ट होय. दोहोंना एकच शिक्षा करू नये.

२. न विचारणारा बाप

याचा अर्थ मुलाला मोकाट सोडावे असा नाही. दाविदाने आपल्या मुलाला, अदोनीयाला, 'तू असे का केलेस' असे विचारून कधी दुखवले नाही, असे शास्त्र सांगते. त्या लाडाचा शेवट बंडात आणि मरणात झाला. एली याजकाने मुलांना दटावले खरे, पण ते मोठे होऊन बिघडल्यावर. वेळेवर आवरले नाही (१ शमुवेल ३:१३). न आवरणे हेही प्रेम नव्हे.

३. काठी कशासाठी?

नीतिसूत्रे १३:२४ दाखवून पुष्कळ पालक मारण्याचे समर्थन करतात. तेथे काठीसाठी जो इब्री शब्द आहे, तोच स्तोत्र २३:४ मध्ये मेंढपाळाच्या काठीसाठी आला आहे. आपल्या भागात धनगर मेंढरे घेऊन जातात ते आपण पाहतो. तो काठीने मेंढराला झोडपत नाही. वाटेवर वळवतो आणि कुत्र्या-लांडग्यापासून राखतो. नीतिसूत्रांत काही ठिकाणी मारण्याचा उल्लेख आहे, हे मी नाकारत नाही. परंतु पौल बापांना आज्ञा देतो ती मुलांना चिडीस न आणण्याची, आणि कलस्सैकरांस ३:२१ मध्ये कारणही देतो: ती खचतात. मार खाणारी मुले पुढे अधिक आक्रमक होतात, असेच अलीकडच्या अभ्यासांतूनही दिसते. शाळेत तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा बंद केली आहे. मग घरात व संडे स्कूलमध्ये तरी छडी कशाला?

४. एका आईचे नियम

मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांची आई सुसाना हिला एकोणीस लेकरे झाली. त्यांतली दहा जगली. घर मोठे, पैसा थोडा. १७३२ साली जॉनच्या विनंतीवरून तिने आपली रीत पत्राने कळवली. तिचे काही नियम असे: जो आपणहून खरे सांगेल व सुधारण्याचे वचन देईल त्याला मार नाही. एका चुकीसाठी दोनदा शिक्षा नाही, आणि सुधारलेल्या मुलाला जुनी चूक पुन्हा ऐकवायची नाही. चांगले वागल्यास कौतुक करायचे. मुलाने खूश करण्यासाठी काही केले आणि ते फसले, तरी ते प्रेमाने स्वीकारून बरे कसे करावे ते दाखवायचे. शिवाय ती आठवड्यात प्रत्येक मुलाशी एकटीने बोलायला संध्याकाळ राखून ठेवी. जॉनचा वार गुरुवार होता.

तिचे सर्वच घ्यावे असे मी म्हणत नाही. वर्षाचे होताच लेकराला छडीचे भय घालावे, हे तिचे मत आज मान्य करता येत नाही. पण खरे बोलणाऱ्याला अभय हा नियम मी घरात लावला, आणि माझा मुलगा लपायचा थांबला.

५. घरी करून पाहण्यासारखे

जवळ जाऊन, डोळ्यांत पाहून, एका वेळी एकच काम सांगावे. लांबून ओरडलेले अशा मुलाच्या कानावरून जाते. अभ्यासाला किंवा प्रार्थनेला बसवण्याआधी त्याला धावू द्यावे, पाणी आणायला, शेतात निरोप द्यायला पाठवावे. खेळ थांबवायचा तर पाच मिनिटे आधी सांगावे. जेवण व झोप ठरल्या वेळी असावी. रात्री मोबाईल हाती देऊ नये, कारण अपुऱ्या झोपेने मूल अधिकच उसळते. शिक्षा लगेच, लहान आणि चुकीशी जोडलेली असावी: पाणी सांडले तर त्यानेच पुसावे. आपला राग चढला असेल तर आधी आपणच अंगणात जाऊन यावे. आणि ते शांत बसलेले दिसले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी.

शिक्षकांनी अशा मुलाला मागे न बसवता पुस्तके वाटण्याचे, सतरंजी अंथरण्याचे काम द्यावे.

६. डॉक्टरांकडे केव्हा?

काही मुलांत ही चंचलता वयाच्या मानाने फारच असते. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून अधिक काळ लक्ष टिकत नाही, पाळी येईपर्यंत थांबवत नाही, जीव धोक्यात घालणारे धाडस होते. याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. हा आईच्या संगोपनाचा दोष नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. प्रथम कान व डोळे तपासून घ्यावेत, मग बालरोग किंवा मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावे. बीदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. प्रार्थना करावी आणि उपचारही घ्यावा. दोहोंत वैर नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात मी मुलाला रागावलो, ते त्याच्या चुकीमुळे की लोकांपुढे मला वाटलेल्या लाजेमुळे?
२. दावीद व एली यांच्या चुकीत काय साम्य आहे?
३. आमच्या घरात खरे बोलणाऱ्या मुलाला अभय आहे काय?
४. उपासनेत एखादे मूल उड्या मारते, तेव्हा त्याच्या आईला मंडळीने कसा हातभार लावावा?

प्रियजनहो, माझ्या मुलाचा हात डोक्यावरून खाली यायला पुष्कळ महिने लागले. त्याआधी मी त्याच्यापुढे बसून 'बाळा, माझे चुकले' असे म्हणालो होतो. बापाने लेकराची क्षमा मागितल्याने बापाचा मान जात नाही. देवबाप आपल्याला धीर देवो, आणि आपल्या लेकरांच्या चालीने चालायला शिकवो. आमेन.