दुखावलेला गुडघा आणि उपचारांचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकीय विषयावर लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु उपचार सुचविणे हे डॉक्टरांचे काम असले, तरी सुचविलेल्यांपैकी एक निवडणे आणि त्यासाठी पैसा व वेळ उभा करणे हे काम रोग्याचे व त्याच्या घरच्यांचे असते. गेल्या हिवाळ्यात एका आंतरमहाविद्यालयीन कबड्डी सामन्यात माझा उजवा गुडघा दुखावला आणि हे काम आमच्या घरावर येऊन पडले. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते क्रमवार मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

दुखापत कशी होते ?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड ही चार मुख्य अस्थिबंधांनी एकमेकांना जखडलेली असतात. दवाखान्यात सर्वजण त्यांना लिगामेंट म्हणतात. दोन अस्थिबंध गुडघ्याच्या दोन बाजूंना असतात आणि दोन सांध्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. आतल्या दोहोंपैकी पुढचा अस्थिबंध नडगीला पुढे सरकू देत नाही व पीळ पडण्यापासून सांध्याला सांभाळतो. दोन्ही हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. त्यांना आपण 'गादी' म्हणतो.

पाऊल जागेवर अडकले आणि अंग वळले की हा पुढचा अस्थिबंध तुटू शकतो. कबड्डीत चढाईपटूचा घोटा पकडला जातो आणि त्याच वेळी त्याचे धड मध्यरेषेकडे झेपावते. बर्फावरील खेळांतही कारण हेच असते. गुलमर्गच्या उतारावर स्कीइंग करणाऱ्याच्या प्रत्येक पायाला वेगळी लांब पट्टी असते. पडताना ती तरफेसारखी पाय पिळते, म्हणून त्या खेळात गुडघे अधिक दुखावतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असल्याने ते एकत्र वळतात. तेथे मनगटाच्या दुखापती अधिक होतात. मात्र उंच उडीनंतर जमिनीवर येताना, किंवा एक पाय मोकळा असताना पडल्यास, त्यांचाही गुडघा सुटत नाही. माती असो, मॅट असो वा बर्फ असो, गुडघ्याची रचना सर्वत्र एकच आहे.

अस्थिबंध तुटताना पुष्कळदा 'कट्' असा आवाज होतो आणि सांध्यात रक्तस्राव झाल्याने काही तासांतच सूज येते. पुढे चालताना, विशेषतः वळताना, गुडघा निसटल्यासारखा वाटतो.

पहिल्या दिवशी काय ठरवावे ?

खेळ तत्काळ थांबवावा, पायाला विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे लावावा, पट्टी बांधून पाय उशीवर उंच ठेवावा. ताज्या दुखापतीवर शेक किंवा मालिश करू नये. त्याने सूज वाढते.

एक्स-रे काढावा की नाही, याविषयी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९५ साली काही सोपे नियम मांडले. पुढीलपैकी एक जरी गोष्ट आढळली तरी एक्स-रे काढावा :

(१) वय ५५ किंवा त्याहून अधिक असणे.
(२) केवळ गुडघ्याच्या वाटीवर दाबले असता दुखणे.
(३) पोटरीच्या बाहेरील बारीक हाडाच्या वरच्या टोकाशी दाबले असता दुखणे.
(४) गुडघा ९० अंशांपर्यंत न वाकणे.
(५) दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यातही चार पावले टाकता न येणे.

पाऊल थंड पडणे, बधिर होणे, गुडघ्याचा आकार बिघडणे ही लक्षणे असतील तर क्षणाचाही विलंब न करता मोठे रुग्णालय गाठावे, कारण मागची रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. गुडघा एकाच जागी अडकून सरळच होत नसेल, तर फाटलेली गादी मध्ये आली असण्याचा संभव असतो. अशा वेळीही लवकरात लवकर दाखवावे.

माझा गुडघा काटकोनात वाकत नव्हता, म्हणून एक्स-रे काढला. हाड शाबूत होते. त्यानंतर सल्ल्यांना सुरुवात झाली. तालमीतील वस्तादांनी तेल लावून गुडघा बसविण्याची तयारी दाखविली. एका रुग्णालयात त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया करून घेण्यास सांगितले. तिसऱ्या ठिकाणी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तपासून सांगितले, की आधी सूज उतरू द्या आणि पाय सरळ होऊ द्या, मग बोलू. तिन्ही मते ऐकून आई अधिकच घाबरली. तिला कन्नड बेताचेच येते, त्यामुळे डॉक्टरांचे म्हणणे मला मराठीत सांगावे लागे. माझा समज असा झाला, की दुसऱ्याला समजावून सांगता येईपर्यंत आपल्यालाही नीट समजलेले नसते.

थांबण्याने काय साधते ?

सुजलेल्या व आखडलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केल्यास तो पुढेही आखडलेला राहण्याचा धोका वाढतो. तसेच सूज उतरल्यावर तपासणी अधिक चांगली होते. गुडघा थोडा वाकवून डॉक्टर नडगी पुढे ओढून पाहतात. ही लॅकमन चाचणी होय. गादीची स्थिती पाहण्यासाठी एम.आर.आय. उपयोगी पडतो. माझ्या अहवालात पुढचा अस्थिबंध पूर्ण तुटलेला व गादी शाबूत असल्याचे दिसून आले.

अस्थिबंध तुटला म्हणजे शस्त्रक्रिया अटळच, असा आपल्याकडे समज आहे. स्वीडनमधील एका अभ्यासाने तो तपासून पाहिला. त्याचे निष्कर्ष २०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. खेळणाऱ्या १२१ तरुणांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. ६२ जणांवर लवकर शस्त्रक्रिया करून नंतर व्यायाम दिला. ५९ जणांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. दोन वर्षांनी वेदना, हालचाल व जीवनमान यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. दुसऱ्या गटातील २३ जणांना तोपर्यंत शस्त्रक्रिया करावी लागली होती. पाच वर्षांनी ही संख्या ३० झाली.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ब्रिटनमधील ३१६ रुग्णांचा एक अभ्यास २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. दुखापत जुनी होऊनही ज्यांचा गुडघा निसटत होता, अशांवर तो होता. त्यांच्यात शस्त्रक्रियेचा मार्ग अधिक गुणकारी ठरला. गुडघा वारंवार निसटला की शाबूत गादीही फाटू लागते. म्हणून थांबणे याचा अर्थ स्वस्थ बसणे असा घेऊ नये. थांबण्याच्या काळात नियमित व्यायाम व देखरेख चालू असावी लागते.

हिशेबाची बाजू

येथे आमच्या विषयातील तीन कल्पना उपयोगी पडतात.

पहिली, भांडवली खर्च व महसुली खर्च यांतील भेद. शस्त्रक्रिया हा एकदाच होणारा मोठा खर्च आहे. खाजगी रुग्णालयात तो लाखाच्या घरात जातो, म्हणून सर्वांचे लक्ष त्याकडे असते. परंतु व्यायामोपचाराचा खर्च महिनोन्महिने चालतो आणि दोन्ही मार्गांत तो सारखाच आवश्यक आहे. यंत्र विकत घेऊन ते चालविण्यासाठी पैसे न ठेवणाऱ्या कारखान्याची जी गत होते, तीच शस्त्रक्रिया करून व्यायाम टाळणाऱ्याची होते.

दुसरी कल्पना बुडीत खर्चाची. एम.आर.आय.चे पैसे जेथे भरले तेथेच शस्त्रक्रिया करावी, असे बंधन नाही. गेलेला पैसा पुढील निर्णयात धरू नये. अहवाल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते.

तिसरी कल्पना संधी खर्चाची. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्याची घाई महागात पडते. अमेरिका व नॉर्वे येथील रुग्णांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार नवव्या महिन्यापर्यंत परतणे जसजसे लांबविले, तसतसा दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचा दर सुमारे निम्म्याने घटला. म्हणजे नऊ महिन्यांचा खेळ, शिवाय सुरुवातीच्या कुबड्यांच्या आठवड्यांत बुडणारे वर्ग, हे सारे खर्चाच्या बाजूस लिहिले पाहिजे.

तीन महिने व्यायाम केल्यानंतर मी डॉक्टरांकडे गेलो. जिना चढणे-उतरणे, सायकल चालविणे सुरळीत होते. गुडघा एकदाही निसटला नव्हता. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारले, ''मुंदे आडबेकेनु ?'' पुढे खेळायचे आहे का, एवढाच तो प्रश्न होता. त्याचे उत्तर कोणत्याही अहवालात मिळणार नव्हते. ज्यांना पळता पळता वळण्याचे खेळ पुन्हा खेळायचे असतात, त्यांना बहुधा शस्त्रक्रिया सुचविली जाते.

घरी बसून आम्ही हिशेब मांडला. माझे महाविद्यालयीन खेळाचे एकच वर्ष उरले होते. परीक्षेनंतर शस्त्रक्रिया केली असती, तरी नऊ महिने संपेपर्यंत तो हंगामही संपला असता. त्यासाठी वडिलांना कर्ज काढावे लागले असते. म्हणून तूर्त शस्त्रक्रिया नको, व्यायाम चालू ठेवावा, आणि रोजच्या चालण्यात गुडघा निसटू लागला तर मात्र विलंब करू नये, असे ठरले. चढाई सुटल्याचे दुःख या हिशेबात कोणत्या रकान्यात मांडावे, हे मला अद्याप उमगलेले नाही. माझ्याच संघातील एखाद्याला खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी मिळविण्याची आशा असेल, तर त्याचा हिशेब निराळा निघेल आणि तोही बरोबरच असेल.

विद्यार्थी मित्रांनी डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत. आज केलेच पाहिजे असे काय आहे ? काही आठवडे थांबल्यास कोणता धोका आहे ? व्यायाम किती महिने करावा लागेल व त्याचा खर्च किती ? माझ्या कामाला आणि खेळाला गुडघा कितपत साथ देईल ? हे प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. आपल्याला सोयीच्या भाषेत विचारावेत, उत्तरे लिहून घ्यावीत आणि मगच सही करावी.