स्विचचा पत्ता बदलताना

संगणकांना जोडणारा साधा स्विच आपले नित्याचे काम आयपी पत्त्यावाचूनही करतो; यंत्रांचे मॅक पत्ते पाहून तो माहिती पुढे धाडतो. आयपी पत्ता लागतो तो दुरून त्याच्यावर देखरेख ठेवण्यासाठी. सिस्को स्विचवर ‘इंटरफेस व्हीलॅन १’ या आज्ञेनंतर ‘आयपी अ‍ॅड्रेस’ लिहून पुढे १९२.१६८.१.१० असा पत्ता व २५५.२५५.२५५.० असा मास्क देतात.

दुरून पत्ता बदलणे म्हणजे मात्र बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे होय. आज्ञा लागू होताच संपर्क तुटतो. म्हणून आधी ‘रीलोड इन १०’ ही आज्ञा द्यावी. नवा पत्ता चुकल्यास दहा मिनिटांनी स्विच पुन्हा सुरू होऊन जतन केलेल्या जुन्या पत्त्यावर येतो. संपर्क जुळल्यास ‘रीलोड कॅन्सल’ द्यावी आणि मगच बदल जतन करावा. तोवर जुनी नोंद हीच परतीची वाट असते.