आधी लेस, शेवटी कात्री

दुकानातून आणलेला कोरा करकरीत बूट फूटबॅगसाठी जवळजवळ कुचकामी असतो. त्याचं टोक गोल आणि फुगीर, त्यामुळे पायावर झेललेली बॅग घरंगळून खाली. आतल्या बाजूला शिवणीची जाड कड, तिला लागली की बॅग भलतीकडे. जीभ गुबगुबीत, तिच्यावर पडली की उसळते. म्हणून हा खेळ खेळणारे आधी बूट विकत घेतात आणि मग तो उसवायला बसतात. घरचे वेड्यात काढतात, ते साहजिकच आहे. पण हे काम सबुरीने झालं नाही तर बूट वाया जातो आणि कधीकधी घोटाही. दोन्ही भोगून झालंय, म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दाणे भरून शिवलेली, मुठीत मावेल एवढी बॅग हात न लावता पायाने हवेत ठेवायची. 1972 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन सिटी इथे माइक मार्शल आणि जॉन स्टॉलबर्गर या दोघांनी हा खेळ सुरू केला. स्टॉलबर्गर यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती. मार्शल यांनी घरी शिवलेली बॅग पायाने उडवता उडवता त्या गुडघ्याला व्यायाम होऊ लागला आणि त्यातूनच ‘हॅकी सॅक’ पुढे आली. चारपाच जणांनी गोल करून उभं राहायचं आणि बॅग खाली पडू द्यायची नाही, एवढंच करायचं असेल तर कुठलाही बूट चालतो. फ्रीस्टाइल मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यात बॅग पायावर झेलून थांबवायची, पुन्हा उडवायची, ती हवेत असताना पाय तिच्याभोवती फिरवायचा आणि पुन्हा झेलायची. ती थांबते कधी चवड्यावर, कधी पायाच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूवर आणि कधी क्लिपरवर. क्लिपर म्हणजे एक पाय दुसऱ्याच्या मागून आडवा न्यायचा आणि त्याच्या आतल्या बाजूवर बॅग घ्यायची. या जागा सपाट किंवा किंचित खोलगट असल्या तरच बॅग बसते.

नोकरीनिमित्त पोर्टलंडजवळ राहत असताना मला हा नाद लागला. तिथे पहिल्यांदा कानावर पडलं ते ‘लेव्हर’. आदिदासचा रॉड लेव्हर हा मुळात टेनिसचा बूट. 1962 आणि 1969 मध्ये एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियन खेळाडूच्या नावाचा. वरचा भाग नायलॉनच्या जाळीचा, ठिकठिकाणी स्वेड चामडं, सोल पॉलियुरेथेनचा आणि सपाट. टेनिसवाले पुढच्या बुटांकडे वळले, पण फ्रीस्टाइलवाल्यांनी हा बूट सोडला नाही. जाळी मऊ असल्याने बॅगेचा धक्का जिरतो, आणि उसवायला सोपी जाते. मात्र तो बाजारात नेहमी मिळेलच असं नाही. म्हणून लोक जोड साठवून ठेवतात, जुने विकत घेतात, डागडुजी करून वापरतात. माझी सगळी दुखणी या तीन गोष्टींतूनच आली.

पहिलं दुखणं सेकंडहँड जोडाचं. आधीच्या मालकाने तो खेळासाठी मोकळा करून ठेवलेला होता. टोक पसरट, आतली बाजू सैल, बॅग अलगद बसायची. मी हरखून गेलो. पण त्याने टाचेकडची ताठ पट्टीही कापून टाकलेली होती. एकदा उडी मारून खाली आलो, तेव्हा सोल जमिनीवर जागच्या जागी राहिला आणि पाय त्याच्यावरून बाहेरच्या बाजूला सरकला. घोटा मुरगळला, सुजला, आणि पुढचे कितीतरी दिवस बर्फाची पिशवी आणि क्रेप बँडेज एवढाच माझा खेळ उरला.

त्यातून पटलेली गोष्ट अशी की बूट पुढून कितीही मोकळा करा, मागून तो घट्टच हवा. टाच आणि घोट्याखालचा भाग यांना हात लावायचा नाही. कुणाचा वापरलेला जोड घेत असाल तर आधी पायात घाला, लेस बांधा, चवड्यावर उभे राहा आणि टाच डावी-उजवीकडे वळवून बघा. टाच बुटाच्या आत वर उचलली गेली किंवा बाजूला सरकली, तर तो जोड कितीही स्वस्त असो, परत द्या. सोलही वाकवून बघा. अंगठ्याचं नख रुतवून पाहा. चिकट लागला किंवा बारीक भेगा दिसल्या, तर त्या बुटाचं आयुष्य संपलेलं आहे.

आता मुख्य काम. बूट मोकळा करताना एकच क्रम पाळा. जे परत पूर्ववत करता येतं ते आधी, जे येत नाही ते सगळ्यात शेवटी.

सुरुवात लेसपासून. लेस पूर्ण काढून टाका. टोकाकडच्या दोन जोडी भोकांना रिकामं सोडा आणि तिसऱ्या जोडीपासून वर ओवत जा. तेवढ्यानेच बुटाच्या पुढच्या दोन्ही बाजू उलगडतात आणि चवड्यावर बॅगेला बसायला जागा होते. मधली लेस सैल ठेवा. वरच्या दोन भोकांशी मात्र टाच पकडायची सोय करा. लेसचं टोक सगळ्यात वरच्या भोकात त्याच बाजूने घालून छोटा फासा ठेवा, दोन्ही बाजूंना तसंच करा, मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओढून नेहमीसारखी गाठ मारा. लांब पल्ल्याचे धावपटू असंच बांधतात. टाच घट्ट धरली जाते आणि पुढचा भाग मोकळा राहतो. पुष्कळ जणांचं काम इथेच भागतं, पण कात्री चालवायची एवढी घाई असते की हे कुणी करूनच बघत नाही.

लेसने भागलं नाही तर पाणी. बूट कोमट पाण्यात भिजवा, जाड मोजे घाला, ओला बूट पायात चढवा आणि त्यातच खेळा. टोक हाताने वरून दाबत राहा. चामड्याचा भाग हळूहळू पायाचा आकार घेतो. नायलॉनची जाळी फारशी ताणली जात नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. नंतर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. उकळतं पाणी, हेअर ड्रायर, गॅलरीतलं रणरणतं ऊन, वॉशिंग मशीन, हे सगळं सोल आणि गोंदाच्या मुळावर येतं.

त्यानंतर उसवण. जीभ दाट फोमची असेल तर तिची एक कड उसवून आतला थोडा फोम काढा आणि कड पुन्हा शिवा. सगळा काढू नका, नाहीतर लेस पायाच्या हाडाला काचते. आतल्या बाजूची जाड पायपिंग किंवा शोभेची पट्टी बॅगेच्या वाटेत येत असेल तर तिचे टाके एकेक करून काढा. ब्लेडने सरसर ओढायला गेलात तर पट्टीबरोबर जाळीही फाटते.

एवढं करूनही टोक हवं तेवढं पसरत नसेल, तरच कात्री. लेसची फट जिथे संपते तिथून टोकाच्या दिशेने सरळ चीर द्या, एका वेळी अर्ध्या बोटाएवढी. मग काही दिवस खेळा. कमी वाटली तर पुन्हा तेवढीच. चीर वाढवता येते, मिटवता येत नाही. प्रत्येक चिरेच्या टोकाला पंचने छोटं गोल भोक पाडा. टोकदार चिरेवर सगळा ताण एका बिंदूवर येतो आणि पुढच्या एखाद्या लाथेत ती आपोआप पळते. गोल भोकामुळे ताण वाटला जातो. चिरेच्या दोन्ही कडांवर शर्टाच्या काजाला घालतात तसा टाका घाला. जाळीच्या कापलेल्या कडेचे धागे निघू नयेत म्हणून पेटत्या उदबत्तीचं टोक कडेवरून झरझर फिरवा. नायलॉन वितळून कड बंद होते. टेकवून ठेवलंत तर भोक पडेल. हे काम मोकळ्या हवेत, बूट पायात नसताना.

हे सगळं आधी एकाच बुटावर करा. दुसरा तसाच ठेवा. दोन्ही पायांवर बॅग घेऊन बघितल्यावर नेमका फरक कशाने पडला ते कळतं, आणि बिघडलं तर तुलनेला एक बूट शाबूत राहतो. कधीच कात्री चालवली नसेल तर शाळेच्या पीटीचा पांढरा कॅनव्हासचा जुना बूट घ्या आणि त्यावर हात साफ करा. त्याचा सोलही सपाट असतो, शिकाऊ खेळाडूला तो वापरायलाही बरा.

फूटबॅगचा नेटवरचा प्रकार खेळत असाल तर मात्र या सल्ल्यातला निम्मा भाग सोडून द्या. तिथे बॅग पायावर निजवायची नसते, जाळीपलीकडे मारायची असते. त्यासाठी सपाट आणि ताठ बाजू लागते. आतली बाजू सैल केली तर फटका मरतो.

दुसरं दुखणं दुरुस्तीचं. भारतात परतल्यावर लेव्हरची जाळी स्वेडच्या पट्टीपासून सुटत चालली होती. ठाण्यात स्टेशनजवळ बसणाऱ्या एका काकांकडे तो बूट दिला आणि कामावर गेलो. संध्याकाळी बूट मिळाला तो इतका देखणा की बघत राहावं. सुटलेली जाळी तर शिवली होतीच, वर माझी चीरही जाड दोऱ्याने दुहेरी टाके घालून पक्की बंद केली होती. “फाटलेलं होतं साहेब, तेही घेतलं. पैसे नकोत त्याचे,” काका म्हणाले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. फट दिसली की बुजवायची, यात त्यांची हयात गेली. आमचा खेळ त्याच फटीवर चालतो, हे त्यांना कुठून कळणार?

तेव्हापासून मी बूट टाकून जात नाही, शेजारी बसतो. जिथे शिवायचं तिथे खडूने रेघ आणि जिथे हात लावायचा नाही तिथे फुली. त्या काकांकडून मी जे शिकलो ते कुठल्याही खेळाडूने मला सांगितलेलं नव्हतं. दोरा मेणातून ओढून घेतला की भोकातून सरकत नाही आणि पाणीही कमी पितो. आरीने आधी भोकं पाडून घ्यायची आणि दोन सुया समोरासमोरून त्याच भोकातून न्यायच्या. एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो. ठिगळ नेहमी आतून लावायचं. बाहेरून लावलं तर त्याच्या कडेला बॅग अडते, शिवाय दुसऱ्या बुटाला घासून ते लवकर सुटतं. क्लिपर खेळणाऱ्याचा बूट आतल्या कडेलाच आधी झिजतो, कारण तिथे दोन्ही पाय एकमेकांना घासत असतात. म्हणून तिथे जाळी विरळ दिसू लागली की लगेच आतून पातळ कापड लावा. भोक पडेपर्यंत थांबलात तर ठिगळाला धरायला काठच उरत नाही.

गोंदाबाबतही त्यांचं ऐकावं. सोलची कड सुटली की आपला हात आधी फेविक्विककडे जातो. तो चिकटतो झटकन, पण वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो आणि बूट वाकला की तडकतो. वर त्या जागेवर पुढे दुसरा गोंदही नीट धरत नाही. मोची वापरतात ते सोल्युशन बरं. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडून, पुसून कोरड्या करा. दोन्हीवर पातळ थर द्या. हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा आणि मगच दाबा. घाई करून ओल्यावरच दाबलं तर आतला द्राव उडून जात नाही आणि जोड कच्चा राहतो. दाबल्यावर रात्रभर वजनाखाली ठेवा. वास डोक्यात जातो, तेव्हा खिडकी उघडी हवी आणि मुलं लांब.

तिसरं दुखणं साठवणुकीचं. अमेरिकेतून येताना एक कोरा लेव्हरचा जोड पुढच्या काही वर्षांची बेगमी म्हणून आणला होता. खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर. काही पावसाळे गेल्यावर काढला, पायात घातला आणि दोनचार उड्या मारल्या, तर फरशीवर पिवळट भुगा. सोल हातानेच मोडत होता. पॉलियुरेथेनला दमट हवा सोसत नाही. हवेतली वाफ त्याचे रासायनिक बंध हळूहळू तोडते, उष्णतेत आणखी लवकर. कोकणपट्टीची हवा त्यासाठी अगदी अनुकूल. बूट वापरला नाही म्हणून तो टिकतो, असं मुळीच नाही. आणि अशा सोलला गोंदही लागत नाही, कारण गोंद ज्या पृष्ठभागाला धरतो तोच सुटून येतो.

म्हणून साठा करू नका. करायचाच असेल तर एका जोडापुरता करा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, हवा खेळती राहील अशा कपाटात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या पावसाळ्याआधी बदला. दोन जोड असतील तर दोन्ही आलटून पालटून वापरा.

हा खेळ एका दुखऱ्या गुडघ्याला बरं करण्यातून सुरू झाला, त्यात आपण घोटा मोडून घ्यायचं काही कारण नाही. लेस, पाणी, उसवण, कात्री हा क्रम सोडू नका, टाचेला हात लावू नका आणि शंका असेल त्या दिवशी कात्री खाली ठेवा. बूट दुसरा मिळतो, घोटा मिळत नाही.