वर्षं गेली कुठे?

प्रश्न : वय ६१. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. सकाळी सात रस्त्यावर चहा, मग पेपर, मग घर. कॅलेंडरचं पान उलटताना धस्स होतं. अख्खं वर्ष आठवतच नाही. आयुष्य वाया चाललंय का?
– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : वाया नाही, नोंदलं जात नाहीये. एकसारखे दिवस मेंदू वेगवेगळे ठेवत नाही. सगळ्यांची मिळून एकच घडी घालतो. म्हणून लहानपणच्या गड्डा यात्रेतला पाळणा अजून लख्ख आठवतो आणि मागचा पावसाळा नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच हे लिहून ठेवलंय.

तुमच्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. १९१० चा जन्म. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले, तिथेच संसार मांडला. डिसेंबर १९४२ मध्ये ते गेले, तेव्हा वय अवघं ३२ आणि मुलगा काही महिन्यांचा. चीनमधली ती वर्षं चारच, पण एकसारखी नव्हेत; म्हणून लोक अजून सांगतात. (तुम्ही चीनला जावं असं माझं म्हणणं नाही!)

तुमचे दिवस नोंदले जावेत म्हणून एक वही घ्या. रोज रात्री एकच ओळ : आज कोण भेटलं, किंवा नवं काय पाहिलं. या रविवारी चहा झाला की भैय्या चौकात कोटणीसांचं स्मारक पाहून या, एकटे जाऊ नका. मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल, तर वहीवर भागवू नका, डॉक्टरांना भेटा. आणि महिन्याभराने वहीतल्या चार ओळी आम्हाला जरूर कळवा.