ई-क्लासवर झाडं लावावीत का?

प्रश्न : आमच्या गावच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर दर पावसाळ्यात रोपं लावतात आणि उन्हाळ्यापर्यंत ती वाळून जातात. उजाड जमीन पुन्हा हिरवी होते तरी का? (एक वाचक, बार्शीटाकळी तालुका)

उत्तर : होते. पण आधी दोन गोष्टी पाहाव्यात : तिथं मुळात काय उगवत होतं, आणि आता राखण कोण करणार.

राखणीसाठी अचलपूर तालुक्यातलं पायविहीर पाहावं. मेळघाटच्या पायथ्याचं हे आदिवासी गाव. 2006च्या वनहक्क कायद्यानुसार 2012मध्ये सुमारे 190 हेक्टर विरळ, झिजलेलं जंगल गावाच्या ताब्यात आलं. 'खोज' संस्थेची साथ होती. ग्रामसभेनं चराई आणि कुऱ्हाड आवरली, रोजगार हमीतून माती-पाणी अडवलं, रोपं लावली. तिथली सीताफळं गावानं 'नॅचरल्स मेळघाट' या नावानं थेट मुंबईत विकली. 2014मध्ये गावाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा (यूएनडीपी) जैवविविधता पुरस्कार मिळाला. मला पुरस्काराहून सीताफळांचा पैसा महत्त्वाचा वाटतो. जंगल राखलं तर घरात चार पैसे येतात, हे गावानं अनुभवलं.

तरी पायविहीरची नक्कल तुमच्याकडे करू नका. अकोला-वाशीमकडचे कित्येक बरड हे मुळातच गवताळ माळ आहेत. मुरमाड, उथळ मातीत पवन्या, मारवेल, कुसळी जोमानं येतात. दाट झाडोरा तिथं तगत नाही, आणि तगलाच तर तणमोराचं घर मोडतं. हा पक्षी पावसाळ्यात गवतातच अंडी घालतो. नर गवताच्या वर उड्या घेऊन मादीला खुणावतो. आज तो जगभरातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो. या माळाची बारीक जाण फासेपारध्यांना आहे. इंग्रजी कायद्यानं ज्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तीच आज 'संवेदना' संस्थेसोबत इथली माळरानं राखते आहे.

तुम्ही ग्रामसभेत ठराव करून एखादाच तुकडा चराईला बंद करा. गवताचं बी झडू द्या, मग विळ्यानं कापून न्या. तरोटा आणि गाजरगवत फुलण्याआधी उपटा. पवन्याचं बी जवळच्या राखलेल्या माळावरून आणून पावसाच्या तोंडावर फेका. बोर, पळस आपसूक आले तर राहू द्या. पुढं तुकडे आळीपाळीनं बंद ठेवा. सगळी जमीन एकदम बंद केली तर भूमिहीनांच्या शेळ्या उपाशी राहतील आणि कुंपण पहिल्याच वर्षी तुटेल. म्हणून कोणता तुकडा बंद ठेवायचा, हे शेळ्या राखणाऱ्या बायांना विचारून ठरवा.