अक्षरांकित फुलांचा व्यापार

शाळा सोडल्यावर पुढें काय करावें, हा प्रश्न आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस दरवर्षीं पडतो, आणि बहुतेकांचें लक्ष नोकरीकडेच वळतें. थोड्या भांडवलांत करतां येण्याजोगा एखादा धंदा निवडावा, त्याचें शास्त्र, त्याचें गणित व त्यांतील धोके आधीं नीट तपासावे, असें फारच थोड्यांच्या मनांत येतें. म्हणून ह्या लेखांत आम्ही अशाच एका धंद्याचा विचार योजिला आहे. ज्यांवर नांव किंवा संदेश छापलेला असतो अशीं फुलें, गुच्छ व पुष्पचक्रें विकण्याचा हा धंदा होय. वरळीसारख्या ठिकाणीं तो कसा चालवावा, आणि साध्या फूलविक्रीहून तो कोणत्या गोष्टींत वेगळा आहे, हें वाचकांपुढें मांडावें एवढाच आमचा हेतु आहे.

ती वेगळी गोष्ट प्रथम सांगतों. साधा गुलाब घेण्यास एक गिऱ्हाईक आलें नाहीं तर दुसरें येतें. सकाळीं विकला गेला नाहीं तर सायंकाळीं भाव उतरवून तो विकतां येतो. परंतु ज्या गुच्छावर एका मुलीचें नांव छापलें, तो गुच्छ त्या एकाच घरीं जाऊं शकतो, आणि तोहि त्या एकाच दिवशीं. म्हणजे ह्या मालास दोन बंधनें आहेत: एक काळाचें व दुसरें नांवाचें. पहिलें बंधन सर्वच फूलविक्यांस आहे. दुसरें मात्र आपल्या दुकानदारानें स्वतः होऊन पत्करलेलें असतें. त्याबद्दलच त्यास अधिक किंमत मिळते, आणि त्यामुळेंच त्याचें नुकसानहि होतें.

फुलांबरोबर शब्द पाठविण्याची हौस नवी नव्हे. १९१० सालीं अमेरिकेंतील कांहीं फूलविक्रेत्यांनीं एकत्र येऊन तारेनें मागणी घेण्याची व्यवस्था केली. एका शहरांत पैसे भरावे, आणि दूरच्या शहरांतील दुकानदारानें गुच्छ पोंचता करावा, अशी ती योजना होती. आपल्याकडील तारखात्यानेंहि अभिनंदनाचीं ठरीव वाक्यें क्रमांक घालून ठेविलीं होतीं. गिऱ्हाइकानें नुसता क्रमांक सांगितला कीं पूर्ण वाक्य पलीकडे पोंचत असे. ती तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यांत बंद झाली, तरी तिच्यांतील युक्ति आपल्या धंद्यास अजून उपयोगी पडेल, हें पुढें दिसेल.

आतां स्थळाचा विचार करूं. वरळी ही एके काळीं मुंबईच्या सात बेटांपैकीं एक होती. आज तेथें जुना कोळीवाडा आहे, १९२० नंतरच्या दशकांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळी व त्यांच्या जागीं उभ्या राहणाऱ्या उंच इमारती आहेत, आणि डॉ. ॲनी बेझंट मार्गावर मोठमोठ्या कचेऱ्या आहेत. त्यामुळें घरगुती समारंभ, कचेऱ्यांतील सत्कार व निरोप, लग्नकार्यें आणि अंत्यविधि अशी चारहि प्रकारची मागणी थोड्या अंतरांत मिळते. माल मिळण्याचें ठिकाणहि दूर नाहीं. दादर स्थानकाच्या पश्चिमेस मीनाताई ठाकरे ह्यांच्या नांवाची फूलमंडई आहे. तेथील व्यवहार पहांटेच्या अंधारांत सुरू होतो. वसईकडून सोनचाफा व मोगरा येतो. पुणें, सातारा, नाशिक ह्या बाजूंकडून झेंडू, शेवंती व निशिगंध येतो. मावळांतील तळेगांव दाभाड्याच्या परिसरांतल्या हरितगृहांतून गुलाब व जरबेरा येतो. जो उशिरां उठेल त्यास उरलेला माल मिळेल, हा ह्या धंद्याचा पहिला नियम समजावा.

माल घरीं आणल्यावर शास्त्राचें काम लागतें. तोडलेलें फूल मेलेलें नसतें. तें श्वसन करीत असतें व पाण्याची वाफ बाहेर टाकीत असतें. मुळांचा पुरवठा तेवढा तुटलेला असतो. म्हणून दांडा धारदार चाकूनें तिरका कापावा, पाण्यांत बुडतील तीं पानें काढून टाकावीं, आणि भांडें रोज घांसून पाणी बदलावें. पाण्यांत जंतु वाढले कीं दांड्यांतील सूक्ष्म नळ्या बुजतात व फूल मान टाकतें. थंडींत श्वसन मंदावतें, म्हणून गुलाब २ ते ४ अंश सेल्सिअस उष्णमानांत ठेवितात; परंतु ऑर्किडसारखीं उष्ण प्रदेशांतील फुलें एवढ्या थंडीनें बिघडतात. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पिकणाऱ्या केळ्यांतून व आंब्यांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो, आणि त्यानें कार्नेशनसारखीं फुलें लवकर कोमेजतात. यास्तव एकाच शीतकपाटांत फळें व फुलें ठेवूं नयेत.

संदेश उमटविण्याच्या मुख्य रीति तीन आहेत. पहिली रीति फितीची. साटिनच्या फितीवर जाळीच्या साहाय्यानें शाईचीं अक्षरें छापतात, किंवा तापविलेल्या ठशानें सोनेरी वर्ख दाबून उमटवितात; पुष्पचक्रावर आडवी दिसते ती हीच फीत. दुसरी रीति कापलेल्या अक्षरांची. नवरानवरीच्या गाडीवरील नांवें पूर्वी थर्माकोलचीं करीत असत. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें प्लॅस्टिक व थर्माकोल ह्यांवर जे निर्बंध घातले, त्यांत सजावटीचा थर्माकोलहि आला, म्हणून पुठ्ठ्याचीं किंवा कापडाचीं अक्षरें करणें योग्य. तिसरी रीति खुद्द पाकळीवर छापण्याची. पाकळीवर मेणासारखें पातळ आवरण असल्यामुळें साधी शाई तिच्यावर नीट बसत नाहीं. ह्यासाठीं केकवर छापण्याच्या खाद्य शाईसारखी शाई वापरणारीं लहान यंत्रें निघालीं आहेत. फिकट पाकळीवर गडद शाई शोभते. तांबड्या गुलाबावर सोनेरी किंवा रुपेरी अक्षर लागतें. मात्र पाकळी जरा अधिक दाबली गेली कीं तेथें तपकिरी डाग पडतो, आणि तिच्यावर एखादें नांव किंवा दोन लहान शब्दच मावतात.

येथें भाषेच्या विद्यार्थ्यांचा प्रवेश होतो. हा दुकानदार फुलें विकतो, तसेंच शुद्धलेखनहि विकतो. गिऱ्हाईक पुष्कळदां नांव रोमन लिपींत लिहून धाडतें. त्यावरून 'कमल' कीं 'कमाल', 'आशा' कीं 'अशा', हें सांगतां येत नाहीं. यंत्रांत अक्षरें जुळवितांना 'श्रद्धांजली' मधील जोडाक्षर फुटतें, 'हार्दिक' मधील रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. सर्वांत भयंकर चूक उपपदांची. 'कु.' आणि 'कै.' ह्यांत खूण खालीं द्यावयाची कीं वर, एवढाच फरक आहे. परंतु वाढदिवसाच्या गुच्छावर 'कु.' च्या जागीं 'कै.' पडलें, तर त्या घरांतील आईस काय वाटेल ह्याचा विचार वाचकांनींच करावा.

शिवाय घराघराची रीत निराळी असते. हिंदु घरांत मृताच्या नांवामागें 'कैलासवासी' किंवा 'वैकुंठवासी' लावितात. ख्रिस्ती घरांत 'ख्रिस्तवासी' किंवा 'दिवंगत' म्हणतात. बौद्ध घरांत 'कालकथित' लिहितात. लग्नाच्या वेळीं कोणी 'शुभविवाह' लिहितात, कोणी 'मंगलपरिणय'. वरळींत हीं सर्व घरें जवळजवळ नांदतात. दुकानदारानें आपल्या मनानें कांहीं ठरवूं नये. आदरपूर्वक विचारावें आणि सांगितलें तसेंच छापावें. शोक झालेल्या घरीं पुष्पचक्रावरील अक्षर चुकलें, तर तें सुधारून पुन्हां आणून देण्यास वेळ नसतो. मूठमाती किंवा अग्निसंस्कार छापखान्यासाठीं थांबत नाहीं.

म्हणून मागणीची वही हा ह्या दुकानाचा खरा आधार आहे. तींत मागणीचा दिवस, पोंचविण्याची वेळ, ठिकाण, संदेश व मिळालेली रक्कम असे रकाने असावेत. संदेश गिऱ्हाइकाच्या देखत देवनागरींत लिहावा, मोठ्यानें वाचून दाखवावा, व त्याची सही घ्यावी. मागणी दूरध्वनीवरून आली असेल तर जुळविलेल्या अक्षरांचें छायाचित्र पाठवून लेखी होकार मागवावा. तारखात्याची युक्ति येथें उपयोगी पडते. नेहमींच्या वीस-पंचवीस संदेशांची शुद्ध यादी करून तिला क्रमांक द्यावे, म्हणजे प्रत्येक वेळीं तपासावयाचें राहतें तें केवळ नांव. ज्यानें अक्षरें जुळविलीं त्यानेंच तीं तपासूं नयेत. दुसऱ्याच्या डोळ्यांस चूक लवकर दिसते.

ह्याहूनहि महत्त्वाचा नियम असा कीं, फूल शक्य तितका वेळ निनांवी ठेवावें. फीत आधीं छापावी, तपासावी, आणि गुच्छ पाठविण्याच्या वेळींच त्यास बांधावी. फीत चुकली तर थोडे पैसे जातात. फुलें शाबूत राहतात, व तीं दुसऱ्या कोणासहि देतां येतात. पाकळीवर छापल्यावर ही सोय राहत नाहीं. म्हणून पाकळीवरील छपाई लेखी होकार व पूर्ण रक्कम हातीं आल्याशिवाय सुरू करूं नये.

आतां गणित पाहूं. पुढील आंकडे बाजारभाव नव्हेत, रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत. समजा, १०० गुलाब प्रत्येकीं १० रुपयांस घेतले, म्हणजे १,००० रुपये झाले. छपाईस ४०० रुपये व जागेचें भाडें, मजुरी, गाडीखर्च मिळून १,००० रुपये धरले, तर एकूण खर्च २,४०० रुपये. नवशिका दुकानदार ह्यास १०० नीं भागतो, प्रत्येक गुलाबास २४ रुपये पडले असें समजतो, आणि २६ रुपयांस विकून दोन रुपये मिळविल्याच्या आनंदांत राहतो. परंतु निवडतांना १० गुलाब टाकावे लागले व छापतांना १० बिघडले, तर विकावयास उरले ८० च. खरा खर्च प्रत्येकीं ३० रुपये झाला. २६ रुपयांनीं त्याच्या हातीं २,०८० रुपये येतात, म्हणजे त्या दिवशीं ३२० रुपयांचें नुकसान झालें. बिघाड हा अपघात न समजतां किंमतींत धरावयाचा खर्च समजावा, हा ह्यांतील धडा आहे.

समजा, त्यानें शहाणपणानें ३५ रुपये किंमत ठेविली. ८० गुलाबांचे २,८०० रुपये येऊन ४०० रुपये नफा राहावयास पाहिजे. इतक्यांत एका डझनावरील नांव चुकल्यामुळें तीं फुलें परत आलीं. १२ गुलाबांचे ४२० रुपये बुडाले, आणि नफ्याच्या जागीं २० रुपयांचा तोटा बसला. दिवसभर दुकानांत कोणाचा आळस नव्हता, फुलें ताजीं होतीं, गिऱ्हाईकहि भलें होतें. एका वेलांटीनें सारा नफा खाल्ला. व्याकरणाचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या मुलांनीं हा हिशेब अवश्य करून पाहावा.

दिवसमानाकडेहि लक्ष असावें. दसऱ्यास व गणेशोत्सवांत फुलांचे भाव चढतात, पण तीं फुलें बहुतेक देवाकडे जातात, आणि त्यांवर नांव लागत नाहीं. नांवाच्या मालाचे दिवस निराळे आहेत: १४ फेब्रुवारी, ५ सप्टेंबरचा शिक्षकदिन, लग्नसराई, तसेच चैत्यभूमीवरील ६ डिसेंबर, आणि २ नोव्हेंबर, ज्या दिवशीं अनेक ख्रिस्ती कुटुंबें आपल्या मृतांच्या थडग्यांवर फुलें वाहतात. लग्नसराई व सण एकत्र आले म्हणजे महिनाभर आधीं कबूल केलेली किंमत अंगावर येते. म्हणून मागणी घेतांना मंडईंतील त्या दिवसाच्या भावाचा अंदाज धरूनच किंमत सांगावी. सरकारी नियमांस भिण्याचें कारण नाहीं. दहांहून कमी नोकर असलेल्या दुकानास महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना अधिनियमाप्रमाणें नोंदणीऐवजीं केवळ सूचना द्यावी लागते.

हा धंदा करूं इच्छिणाऱ्यानें प्रथम कांहीं दिवस दादरच्या मंडईंत पहांटे जाऊन भाव टिपावे, एखाद्या जाणत्या फूलवाल्याच्या हाताखालीं गुच्छ बांधण्यास शिकावें, व आरंभ फितीपासून करावा. पाकळीवर छापण्याचें यंत्र घेण्याची घाई करूं नये. ज्याचें अक्षरावर प्रेम आहे आणि पहांटे उठण्याची ज्यास संवय आहे, त्यास ह्या धंद्यांत मानानें पोट भरतां येईल असें आम्हांस वाटतें.

वाचकांस एक उदाहरण देऊन हा लेख पुरा करितों. एका दुकानदारानें ६० गुलाब प्रत्येकीं १२ रुपयांस घेतले. छपाईचा खर्च ३०० रुपये व इतर खर्च ६०० रुपये आला. निवडींत ६ व छपाईंत ६ गुलाब वायां गेले. तर प्रत्येक चांगल्या गुलाबास खर्च किती पडला? तो ४० रुपये दरानें विकीत असल्यास, कमींत कमी किती गुलाबांवरील नांव चुकलें म्हणजे त्यास तोटा होईल?