दुखण्याआधी तपासणी : शेताची आणि शरीराचीही



दर वर्षी गळीत हंगामापूर्वी आपल्या कारखान्याचा बॉयलर तपासला जातो. नळ्या साफ होतात, पाण्याचा दाब देऊन गळती पाहिली जाते आणि बॉयलर निरीक्षकाच्या दाखल्याशिवाय वाफ धरता येत नाही. मागचा हंगाम बिनघोर गेला म्हणून यंदा तपासणी नको, असं कोणी म्हणत नाही. वजनकाट्याचंही तसंच. काटा तपासला का, हे सभेत उठून विचारणारे जागरूक सभासद आपल्याकडे आहेत व ते योग्यच आहे. मात्र स्वतःची जमीन आणि स्वतःचं अंग शेवटचं कधी तपासलं, असं विचारलं की बहुतेक जण गप्प बसतात.

तपासणी लागते ती अशासाठी, की बिघाड आधी होतो आणि दिसतो मागाहून.

उसाचंच उदाहरण घेऊ. लागणीनंतरचे पहिले चार महिने खोडकिडीचे असतात. आठवड्याला सरीतून एक फेरी मारली तर पोंगा वाळलेला एखाद-दुसरा कोंब सापडतो. तो जमिनीलगत कापून अळीसकट नष्ट केला की भागतं. महिन्याने गेलो तर फड विरळ झालेला दिसतो. काणीचा काळा चाबूक दिसताच त्यावर पिशवी चढवून तो अलगद कापावा, बेट मुळासकट काढून जाळावं. भुकटी उडाली तर रोग शेजाऱ्याच्या फडातही जातो.

जमिनीचं दुखणं याहून मुकं. आपला तिसगाव परिसर कमी पावसाचा, भिस्त विहीर-बोअरवर. मचूळ पाणी वर्षानुवर्षं दिलं तर क्षार साठतात. पांढरा थर वर दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून पाणी दर उन्हाळ्यात व माती तीन वर्षांतून एकदा तपासावी. खत टाकण्यापूर्वी, झाडाखालची व उकिरड्याजवळची जागा सोडून, आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन माती काढावी. ती एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो द्यावी. सामू ८.५ च्या वर आला तर सल्ला घेतल्याशिवाय लागण करू नये.

आता माणसाकडे वळू. “डोकं दुखत नाही, मग कशाला दाब तपासायचा?” असं आम्ही शिवारात नेहमी ऐकतो. रक्तदाब बहुधा दुखत नाही. पुष्कळदा तो अर्धांगाचा झटका आल्यावरच कळतो. १४०/९० किंवा त्याहून जास्त दाब पुन्हा पुन्हा येत असेल, अथवा उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टरांना भेटावं. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तंबाखू-मिश्रीवाल्यांनी आरशात तोंड पाहावं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यांपैकी काही असेल तर थांबू नये.

तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांसाठी रक्तदाब, साखर व तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या तपासणीचीही योजना आहे. घरातली बाई सगळ्यांचं करते आणि स्वतःचं दुखणं अंगावर काढते, तेव्हा तिला आधी न्यावं. आपल्या तालुक्यातून तोडणीला जाणारी कुटुंबं कित्येक महिने घराबाहेर असतात. त्यांनीही निघण्यापूर्वी तपासून जावं.

घरचा कर्ता ऐन तोडणीत अंथरुणाला खिळला तर ऊस बिल परस्पर दवाखान्यात जातं. वर्षाची मेहनत अशी जाऊ देऊ नये.

दसऱ्याला आपण अवजारं पुसून पुजतो. त्याच आठवड्यात घरातल्या मोठ्या माणसांची तपासणी करावी, आणि तारीख व आकडे ऊस नोंदीच्या पावतीसोबत जपून ठेवावेत, अशी आमची सर्व सभासदांना आग्रहाची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी